रात्रपाळीचा वॉचमन, सकाळच्या पोळ्या आणि तिसरी संमती: एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाची नोंद

हे प्रकरण मुंबईच्या पश्चिम उपनगरातील आमच्या समुपदेशन केंद्रात जून २०२२ मध्ये नोंदवले गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये कागदोपत्री बंद झाले. दोन्ही व्यक्तींच्या लेखी संमतीने ते येथे मांडले आहे. ओळख पटू नये म्हणून नावे, गावे आणि इमारतीचा ठावठिकाणा वगळला आहे. महिलेचा उल्लेख ‘बाई’ आणि पुरुषाचा उल्लेख ‘वॉचमन’ असा केला आहे, कारण वसाहतीत दोघांनाही कामावरूनच ओळखले जात असे. आमच्या पहिल्या नोंदवहीत बाईंसाठी सर्वत्र ‘त्या’ आणि वॉचमनसाठी सर्वत्र ‘तो’ लिहिले गेले होते. ही गोष्ट वर्षभराने फाईल चाळताना लक्षात आली. या लेखनात दोघांनाही आदरार्थी सर्वनाम वापरले आहे. पण मूळ चूक आमचीच होती आणि पुढे जे घडले त्याच्याशी तिचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

बाई बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबातल्या. २०१५ साली पती अपघातात गेले तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते आणि मुलगा सहा वर्षांचा होता. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाची उचल त्या जोडीवर मिळते, त्यामुळे पतीच्या निधनानंतर त्यांचे दुःख जितके मोठे होते तितकाच मोठा प्रश्न हा होता की अर्ध्या कोयत्याला उचल देणारा मुकादम पंचक्रोशीत कोणी नव्हता. मुलाला सासूजवळ ठेवून २०१६ मध्ये त्या एका चुलत बहिणीच्या आधाराने मुंबईत आल्या आणि पोळीभाजीची कामे करू लागल्या. प्रकरण आमच्याकडे आले तेव्हा त्या सकाळी पाच आणि संध्याकाळी दोन अशा सात घरी स्वयंपाक करत होत्या आणि एका चाळीत भाड्याच्या खोलीत राहत होत्या.

वॉचमन सुदूर पश्चिम नेपाळमधील अछाम जिल्ह्याचे आणि बाईंपेक्षा सात वर्षांनी लहान. त्या डोंगराळ भागातील पुरुषांनी मुंबईत येऊन चौकीदारी करणे ही पिढ्यांची रीत आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना येथे येण्यासाठी, राहण्यासाठी किंवा काम करण्यासाठी व्हिसा लागत नाही. वडिलांच्या जागी काका, काकांच्या जागी पुतण्या अशी फाटकावरची जागा घरातल्या घरात फिरते आणि गावी जाणारा आपल्या जागी नातलगाला बदली म्हणून बसवून जातो. हे वॉचमनही तसेच एका काकांच्या जागी आले होते. रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची पाळी आणि राहायला पंपाच्या खोलीशेजारची पत्र्याची जागा, अशी त्यांची व्यवस्था होती.

दोघांची ओळख फाटकावरच्या वहीतून झाली. घरकामाला येणाऱ्या प्रत्येकीने नाव, वेळ आणि कामाचे स्वरूप लिहावे असा सोसायटीचा नियम होता. बहुतेक जणी अंगठा उठवत किंवा वॉचमनकडून लिहून घेत. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि शेवटच्या रकान्यात रोज ‘पोळ्या’ असे स्वतःच लिहीत. नेपाळीची लिपीही देवनागरीच असल्याने वॉचमनला वही वाचता येत होती, पण एक अक्षर त्यांना अडले. नेपाळीत ‘ळ’ नाही. हे कोणते अक्षर, असे त्यांनी एका सकाळी विचारले आणि बाईंनी उच्चार करून दाखवल्यावर त्यांना तो शब्द आपल्या ‘पोल्यो’सारखा ऐकू आला. नेपाळीत त्याचा अर्थ ‘भाजले, पोळले’ असा आहे. कोणाला भाजले, असे त्यांनी काळजीने विचारले. बाईंना हसू आवरेना. पुढची दीड-दोन वर्षे पहाटे सव्वासहा ते साडेसहा या पंधरा मिनिटांत दोघे असेच शब्द पारखत राहिले. ‘घाम’ म्हणजे मराठीत अंगावरचा, नेपाळीत ऊन. ‘माया’ म्हणजे आमच्याकडे लेकरावर करायची, त्यांच्याकडे प्रियकर-प्रेयसीने एकमेकांवर करायची. हा शेवटचा फरक समजायला थोडा वेळ लागला, असे बाईंनी पहिल्या मुलाखतीत सांगितले.

आणखी एक अडचण होती. वॉचमन त्यांना ‘दिदी’ म्हणत. ती हाक सोडून काय म्हणावे हे न सुचल्याने त्यांनी जवळजवळ चार महिने कोणतीच हाक मारली नाही आणि बाईंनी त्यावरूनच ओळखले.

मांडलेला प्रश्न

मे २०२२ मध्ये वसाहतीत कुजबुज सुरू झाली. सोसायटीच्या एका पदाधिकाऱ्याने वॉचमनला ‘फाटकावर गप्पा नकोत’ अशी समज दिली आणि दोन घरांनी बाईंचे काम बंद केले. चौथ्या मजल्यावरील निवृत्त शिक्षिकेने दोघांना आमच्याकडे पाठवले. त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता: आम्हाला लग्न करायचे आहे, कोणते कागद लागतील?

आम्ही तो तसाच स्वीकारला. विजोड जोडपे म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर देश, भाषा, जात, वय आणि वैधव्य हे पाच मुद्दे उभे राहिले आणि अडथळे बाहेरून येतील असे गृहीत धरून आम्ही तयारीला लागलो. केंद्राच्या नोंदणी अर्जावरील ‘लग्न झाले आहे का?’ या प्रश्नाला वॉचमनने ‘नाही’ असे उत्तर दिले होते. त्यावर कोणीही पुढचा प्रश्न विचारला नाही.

पहिला निर्णयबिंदू: दाखला

भारतीय नागरिकाला परदेशी नागरिकाशी येथे विवाह करायचा असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग सरळ असतो. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य असावे लागते, नोटीस द्यावी लागते, ती फलकावर लावली जाते आणि तीस दिवसांत वैध हरकत न आल्यास तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. वास्तव्याचा पुरावा म्हणून बाईंच्या खोलीचा भाडेकरार पुरेसा होता. वॉचमनकडे नेपाळचे नागरिकता प्रमाणपत्र होते. राहिला अविवाहित असल्याचा दाखला, जो गावच्या वडा, म्हणजे प्रभाग, कार्यालयातून आणायचा होता.

सप्टेंबर २०२२ मध्ये वॉचमनच्या भावाचा फोन आला की वडा कार्यालय दाखला देत नाही, कारण नोंदीत पत्नीचे नाव आहे.

चौकशीत जे समोर आले ते थोडक्यात असे. एकोणिसाव्या वर्षी घरच्यांनी त्यांचे लग्न लावले होते. ते मुंबईत असताना चार वर्षांनी पत्नी दुसऱ्या पुरुषाबरोबर कैलाली जिल्ह्यात राहायला गेल्या आणि त्यांना तेथे दोन मुले झाली. गावाच्या दृष्टीने तो संसार तेव्हाच मोडला होता, पण न्यायालयात कोणी गेले नव्हते. ‘लग्न झाले आहे का?’ याचे उत्तर त्यांनी आजच्या स्थितीवरून दिले होते. त्यात फसवण्याचा हेतू होता असे आमच्या गटातील दोघांना वाटले. मला तसे वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पण बाईंपासूनही त्यांनी ही गोष्ट लपवली होती आणि तेथे भाषेची सबब चालणारी नव्हती.

बाई तीन आठवडे केंद्रात आल्या नाहीत. त्या मागच्या फाटकाने ये-जा करू लागल्या. अखेर आल्या तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले: “माझा मालक गेला तेव्हा तलाठ्यापासून तहसीलापर्यंत मी कागद केला. ह्यांची बायको जित्ती असून ह्यांच्याकडं कागद न्हाई, आन् म्हणतात मी एकटा.”

तपासलेले मार्ग

पहिला मार्ग काहीही न करता एकत्र राहण्याचा होता आणि वॉचमनच्या नातलगांनी तोच सुचवला. आम्ही त्याविरुद्ध सल्ला दिला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा विवाहासारख्या नात्यालाही लागू होतो; परंतु असे नाते मानण्यासाठी दोघेही कायद्याने विवाहास पात्र, म्हणजेच अविवाहित असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. वॉचमनचा पहिला विवाह कायम असताना बाईंना हे संरक्षण मिळेल याची खात्री देता येत नव्हती.

दुसरा मार्ग देवळात हार घालून नंतर महापालिकेच्या विभाग कार्यालयात नोंदणी करण्याचा. मुंबईत तो फार वापरला जातो आणि या जोडप्याच्या चाळीतही तशी तीन उदाहरणे होती. परंतु पहिली पत्नी हयात असताना असा विवाह मुळातच रद्दबातल ठरला असता आणि वॉचमनवर द्विभार्येचा गुन्हा दाखल होऊ शकला असता.

तिसरा मार्ग एका दलालाने दाखवला. वॉचमनसाठी भारतीय जन्माचे कागद करून देतो, मग नेपाळच्या नोंदीचा प्रश्नच उरणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. वॉचमन क्षणभर मोहात पडले होते हे त्यांनी नंतर मान्य केले. नकार बाईंनी दिला.

चौथा मार्ग लांबचा होता: आधी नेपाळमध्ये रीतसर घटस्फोट घ्यायचा आणि मग मुंबईत विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे. नेपाळमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या दिवाणी संहितेनुसार पती-पत्नी परस्पर संमतीने जिल्हा न्यायालयातून विभक्त होऊ शकतात, त्यामुळे पहिल्या पत्नीची तयारी असेल तर काम कठीण नव्हते. त्यांची तयारी आहे का, हे मात्र तोपर्यंत कोणीच विचारले नव्हते. आमच्या चर्चेत त्या ‘अडचण’ म्हणूनच येत होत्या. त्या स्वतः एका अनिश्चित विवाहात राहत असून त्यांनाही या कागदाची गरज असू शकते हे बाईंनी आम्हाला दाखवून दिले. चौथा मार्ग त्यांनीच निवडला, आणि अट घातली की पहिल्या पत्नीशी फोनवर आधी आपण बोलू. ते बोलणे मोडक्या हिंदीत, आमच्या केंद्रातून, दहा-बारा मिनिटे झाले. त्यात काय ठरले याची आम्ही नोंद ठेवली नाही. फोन ठेवल्यावर “तिलाबी पाहिजेच होतं” असे बाई म्हणाल्या.

प्रत्यक्ष कृती

ऑक्टोबर २०२२ मध्ये दशैंच्या, म्हणजे नेपाळमधील दसऱ्याच्या, सणाला सगळे गावी एकत्र येतात, पहिल्या पत्नीही माहेरी येतील, असा हिशेब करून वॉचमन गौरीफंटा सीमेवरून धनगढीमार्गे अछामला गेले. माणसे सर्व भेटली. पण सणामुळे कार्यालये आणि न्यायालय बंद होते. ही फेरी पूर्णपणे वाया गेली आणि त्यात त्यांची तीन महिन्यांची बचत संपली. तारीख ठरवताना आमच्यापैकी कोणीही तेथील सुट्ट्यांची चौकशी केली नव्हती.

दुसरी फेरी फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. दोन्ही पक्ष मंगलसेन येथील जिल्हा न्यायालयात हजर झाले आणि पुढे निकालपत्राची प्रत व दाखला जूनपर्यंत हाती आला. मात्र या काळात बदली म्हणून बसवलेल्या चुलत भावाने फाटकावरची जागा परत दिली नाही. सोसायटीनेही त्याला ठेवून घेणेच सोयीचे मानले.

दरम्यान बाईंच्या सासरी बातमी पोहोचली होती. पुन्हा लग्न केलेस तर सातबाऱ्यावरून नाव उडेल आणि पोरगाही मिळणार नाही, असे दिरांनी कळवले. ही भीती इतकी जुनी आणि सर्वमान्य आहे की बाईंनी ती खरीच मानली होती. पतीच्या मृत्यूनंतर सव्वा एकराच्या हिश्श्याला वारस म्हणून बाई आणि मुलाची नावे लागलेली होती, हे महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावरचा उतारा काढून आम्ही पाहिले. वारसाहक्काने एकदा मिळालेला हिस्सा विधवेच्या पुनर्विवाहाने जात नाही, आणि वडिलांच्या पश्चात अज्ञान मुलाची नैसर्गिक पालक आईच असते, हे आमच्या वकिलांनी लिहून दिले. दिरांनी मागितलेले हक्कसोडपत्र बाईंनी दिले नाही. जमीन मात्र दिरांकडेच बटईने कसायला ठेवली. हा तोडगा बाईंचा होता आणि आम्ही सुचवलेल्या कायदेशीर नोटिशीपेक्षा तो शहाणपणाचा ठरला.

दोघांनी शासकीय रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्ही चाचणी करावी असेही आम्ही सुचवले होते. अछाममध्ये मुंबईहून परतणाऱ्या पुरुषांमुळे या आजाराने अनेक घरे उद्ध्वस्त झाली आहेत. बाईंना प्रथम हा अपमान वाटला. वॉचमनना अजिबात वाटला नाही; त्यांच्या गावात ते नेहमीचे होते.

विवाहाची नोटीस सप्टेंबर २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात दिली. अशा नोटिशीची जाहीर प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर असावी असा निकाल अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिला असला तरी येथे नोटीस फलकावर लागलीच, आणि तिचा फोटो कोणीतरी गावी पाठवला. तिसऱ्या आठवड्यात दिरांची लेखी हरकत आली. तिच्यात घराण्याची अब्रू, मुलाचे भविष्य आणि ‘परदेशी इसम’ असे तीन मुद्दे होते. हयात जोडीदार, संमती देण्याची क्षमता, वय आणि निषिद्ध नाते यांपलीकडच्या कारणांवर कायदा हरकत मान्य करत नाही, त्यामुळे चौकशीअंती ती फेटाळली गेली. पण चौकशीत दिवस गेले. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास नोटीस रद्द होते आणि सर्व पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, म्हणून शेवटचे दोन आठवडे तणावाचे होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विवाह झाला. साक्षीदार म्हणून चौथ्या मजल्यावरील निवृत्त शिक्षिका, चाळीतील एक शेजारी आणि फाटकावरची जागा बळकावणारा तो चुलत भाऊ, असे तिघे उपस्थित होते.

निष्पन्न

वॉचमनना त्याच उपनगरात दुसऱ्या इमारतीत दिवसपाळी मिळाली. पगार दोन हजारांनी कमी आहे आणि राहायला जागा नाही, परंतु दोघेही आता संध्याकाळी घरी असतात. पहिल्या तीन महिन्यांत याच गोष्टीवरून सर्वांत जास्त भांडणे झाली. दोन वर्षे रोज पंधरा मिनिटे भेटलेल्या माणसांना अख्खी संध्याकाळ एका खोलीत काढण्याची सवय नव्हती, आणि बाई दिवसभर सात घरच्या पोळ्या लाटून आल्यावर आठव्या घरच्या पोळ्या कोणी लाटायच्या हा प्रश्न कोणत्याही कायद्यात नव्हता. सध्या रात्री भात होतो. तो वॉचमन करतात.

वॉचमन नेपाळचेच नागरिक आहेत. भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या व्यक्तीला येथे सात वर्षे वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, हे त्यांना सांगितले आहे. नेपाळ दुहेरी नागरिकत्व मान्य करत नसल्याने आणि गावी त्यांची स्वतःची जमीन असल्याने त्यांनी तो विषय बाजूला ठेवला आहे.

वेगळे काय करता आले असते

नोंदणी अर्जातील प्रश्न आम्ही बदलला आहे. ‘लग्न झाले आहे का?’ याऐवजी आता ‘आजवर कोणाशीही, कोणत्याही पद्धतीने लग्न लागले होते का, आणि ते कसे संपले?’ असे विचारले जाते आणि उत्तर दोघांकडून वेगवेगळे घेतले जाते. स्थलांतरितांच्या प्रकरणांत गावाने मोडलेले मानलेले आणि कायद्याने न मोडलेले विवाह वारंवार आढळतात. हे आम्हाला बीडच्या बाजूने ठाऊक होते. अछामच्या बाजूने ते सुचले नाही. ज्या माणसाला आपण ‘तो’ म्हणून लिहितो त्याला आपण प्रश्नही कमी विचारतो, असा माझा निष्कर्ष आहे. केंद्रातील सर्वांना तो पटलेला नाही.

प्रवासाचा खर्च आणि बदलीची जागा यांचा विचार पहिल्याच बैठकीत व्हायला हवा होता. बदली माणसाकडून साधे लेखी कबूलपत्र घेतले असते तर उपयोग झाला असता की नाही हे सांगता येत नाही, पण सोसायटीला रजेचा अर्ज देऊन पोच घेणे शक्य होते.

सर्वांत मोठी चूक मुलाच्या बाबतीत झाली. तो २०२२ मध्ये तेरा वर्षांचा होता. त्याला केव्हा सांगायचे हे बाई पुढे ढकलत गेल्या, आम्हीही कागद पूर्ण झाल्यावर पाहू असे म्हटले, आणि अखेर दिरांनी रागाच्या भरात त्याला सांगितले. तो चार महिने आईशी फोनवर बोलला नाही. बाई सुट्टीत गावी जाणार होत्या तेव्हाच त्यांनी स्वतः सांगावे असा आग्रह आम्ही धरायला हवा होता. लग्नानंतर वॉचमन एकदा बाईंबरोबर गावी गेले. सासूबाईंनी त्यांना ओसरीवर जेवायला वाढले, घरात बोलावले नाही. मुलगा त्यांच्याशी फारसा बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी वहीत त्यांचे नाव नेपाळीत लिहून मागितले आणि ते वाचता येते हे पाहून चकित झाला.

तो आता दहावीत आहे. परीक्षेनंतर मुंबईला यायचे की आजीजवळ राहायचे, हे निकाल लागल्यावर सांगतो, असे त्याने आईला कळवले आहे.